साडेतीन ते आठ

माझ्या सासूबाईंना माणूस समोर आला की आधी त्याची शिवण दिसते, चेहरा नंतर. लग्न होऊन मी या घरात आले त्या संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काही मायेचं बोलतील. त्या म्हणाल्या, "तुझ्या कोटाची उजवी बाही अर्धा इंच लांब आहे." सकाळी उठून बघते तर कोट इस्त्री करून खुंटीला टांगलेला आणि दोन्ही बाह्या सारख्या. त्यांची माया अशीच असते, हे कळायला मला वर्षभर लागलं.

आमची वसाहत म्हणजे सात मजल्यांच्या सहा इमारती. तिसऱ्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिथं पूर्वी सायकली ठेवायचे, तिथं सासूबाईंचं दुकान. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने दाराबाहेर थांबायचं. एक शिलाई मशीन, एक वाफेची इस्त्री, कोपऱ्यात कपडे घालून बघायला पडदा, आणि भिंतीवर रिळांची फळी. नवे कपडे त्या शिवत नाहीत. तयार मिळत असताना शिवून घेतो कोण? त्या दुरुस्ती करतात. चेन बदलायची, पँटची लांबी कमी करायची, आणि सगळ्यात जास्त काम म्हणजे कंबर उसवून सैल करायची. वसाहतीत त्यांना लहानथोर सगळे मापमावशी म्हणतात.

बसने वीस मिनिटांवर एक अवाढव्य गोदाम आहे. तिथं माल येतो, खोक्यांत भरला जातो आणि पुढे जातो. त्या गोदामाला माणसं कायम कमी पडतात, म्हणून दरवर्षी दूरदेशीची नवी बिऱ्हाडं आमच्या वसाहतीत उतरतात. सासूबाई आणि माझे सासरेही एकेचाळीस वर्षांपूर्वी असेच उतरले होते. तेव्हा गोदाम नव्हतं, रेनकोटचा कारखाना होता. त्यात सासूबाईंनी एकोणीस वर्षं काढली. सासरे वेल्डर. आले तेव्हा काडीसारखे होते म्हणे. दोन वर्षांत अंगाने असे भरले की त्यांचा फोटो बघून गावाकडची मंडळी खूश झाली; पोरगा सुखात आहे, पोट सुटलंय. मग साखरेचं दुखणं लागलं. एकोणपन्नासाव्या वर्षी पायाचं बोट काढावं लागलं आणि चोपन्नाव्या वर्षी ते गेले. मी त्यांना पाहिलेलंच नाही.

सासूबाई स्वतःही त्या पहिल्या दोन वर्षांत चौदा किलोंनी वाढल्या होत्या. हे त्या कोणाला सांगत नसत. मला एकदा सांगितलं, तेही सुईत दोरा ओवता ओवता, माझ्याकडे न बघता. भुकेपोटी खात नव्हते, म्हणाल्या, बोलायला कोणी नव्हतं म्हणून खात होते.

तर अशा बाईच्या दुकानात ही नवी बिऱ्हाडं कपडे घेऊन यायची. पहिल्या खेपेला बाई यायची ती नव्या कामाचा गणवेश आत घ्यायला, कारण सगळ्यात लहान मापही तिला ढगळ व्हायचं. आठ-दहा महिन्यांनी तीच बाई तोच गणवेश घेऊन यायची, आता सैल करायला. मागोमाग नवऱ्याची पँट. मग शाळेतल्या पोरांचे कपडे, आणि तेही उंचीला नव्हे, घेराला. सासूबाई प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप तारखेसकट वहीत लिहून ठेवतात. अशा सतरा वह्या झाल्या होत्या. एका दुपारी त्यांनी त्या सगळ्या टेबलावर मांडल्या आणि मला म्हणाल्या, जरा बघ ग, मला दिसतंय ते तुला दिसतंय का. मी पानं उलटत गेले. नवी आलेली दहा घरं घेतली तर सात घरांत वर्षाच्या आत कंबरा उसवल्या होत्या.

"हे आमचंच चाललंय पुन्हा," त्या म्हणाल्या. सासऱ्यांचं नाव त्यांनी घेतलं नाही.

त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई गणवेशाची चेन बदलायला आल्या. चाळिशीच्या, चटपटीत, कामाने दमलेल्या. चेन होईपर्यंत स्टुलावर बसून त्या मन मोकळं करू लागल्या. केंद्राने वजनाविषयी भित्तिपत्रकं छापली होती, चार भाषांत. आहाराचे वर्ग ठेवले होते. वर्गाला तीन माणसं आली आणि त्यातली दोघं बाहेर वारा सुटला म्हणून आडोशाला आलेली. बाळंतिणीपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळ्यांची वजनं चढताहेत आणि आपण नुसते कागद चिकटवतोय, असं त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी मशीन थांबवलं आणि वह्या पुढे केल्या. नावांवर हात ठेवून नुसते आकडे आणि तारखा दाखवल्या. नर्सबाई अर्धा तास मान वर न करता वाचत होत्या. शेवटी म्हणाल्या, अहो मावशी, आमच्या केंद्राकडे एवढी माहिती नाही. आमच्याकडे माणूस येतो तो आजारी पडल्यावर. तुमच्याकडे तो त्याच्या दोन वर्षं आधी येतो.

तिथून दोघींची जोडी जमली. आणि जोडीने पहिलंच पाऊल चुकीचं टाकलं.

नर्सबाईंनी वर्ग घ्यायचा आणि सासूबाईंनी माणसं आणायची, असं ठरलं. मापमावशीच्या शब्दाला वसाहतीत मान. एका रविवारी सकाळी इमारतीच्या सभागृहात तीसेक माणसं जमली, पोराबाळांसकट. इतकी गर्दी होणार हे नर्सबाईंच्या वरिष्ठांना आधीच कळल्यावर त्यांनी एका सहायकाला वजनकाटा देऊन पाठवलं. नर्सबाई पुढे खुर्च्या मांडत होत्या, तोवर त्याने दारातच काटा ठेवला आणि एकेकाला उभं करून वजन मोठ्याने सांगायला सुरुवात केली. त्याच्याबरोबर आलेली बाई ते लिहून घेत होती म्हणून मोठ्याने.

पाचव्या इमारतीत एक कुटुंब राहायचं. नवरा-बायको दोघं गोदामात. बायकोला आम्ही गोदामवाली म्हणायचो, कारण ती सदानकदा गोदामाच्या जाकिटातच दिसे. तिची थोरली मुलगी बारा वर्षांची, अंगाने भरलेली, हुशार, बुजरी. सासूबाईंनी स्वतः जाऊन तिला आणलं होतं. तिचा आकडा त्या माणसाने सांगितला आणि मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मुलगी काट्यावरून उतरली, तशीच दारातून बाहेर पडली आणि जिन्याने वर निघून गेली. तिच्या मागून तिची आई. मग हळूहळू बाकीचेही. नर्सबाईंनी काटा उचलून अडगळीत टाकला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. माझ्या नवऱ्याने समजूत काढायचा प्रयत्न केला, की आई, वजन सांगणारा दुसरा होता, त्यात तुझी काय चूक. त्या म्हणाल्या, "पडद्याआड घ्यायचं माप चारचौघांत घेतलं गेलं, आणि पोरीला तिथं मी नेलं होतं."

दुसऱ्या दिवशी त्या माफी मागायला पाचव्या इमारतीत गेल्या. मला बरोबर नेलं. गोदामवाली कामावरून नुकतीच आली होती, जाकीट अंगावरच. तिने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. सासूबाईंनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच माफी मागितली, कारणं न देता. म्हणाल्या, माझं चुकलं, मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

गोदामवालीने एकदा मागे, आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. मग बाजूला सरकली आणि आम्ही आत गेलो. दोन खोल्या, स्वच्छ. दाराला आतून साखळी, आणि साखळीखाली लहान पोरांना वाचता येईल अशा अक्षरात चिकटवलेला कागद: कोणी आलं तरी उघडायचं नाही. मुलगी आतल्या खोलीत होती. ती बाहेर आली नाही.

"तुम्ही सगळे विचारता, काय खाता," गोदामवाली म्हणाली. "कधी खाता, कोणाबरोबर खाता, हे कोणी विचारत नाही."

मग तिने दिवस सांगितला. नवरा पहाटेच्या पाळीला, परतीला घरी पोचतो तो चार तास झोपायला. ती दुपारच्या पाळीला, ती सुटते आठला. शाळा सुटते साडेतीनला. म्हणजे साडेतीन ते आठ मुलं घरात, साखळी लावून, बाप शेजारच्या खोलीत मेल्यासारखा झोपलेला. त्याला उठवायचं नाही म्हणून आवाज करायचा नाही, धावायचं नाही. रडू नये म्हणून टीव्ही आणि पुडे. बिस्किटांचे, कुरकुरीत खाऊचे, आणि फळांचं चित्र असलेल्या गोड पेयाच्या बाटल्या. ती म्हणाली, आमच्याकडे असले पुडे फक्त पाहुणा आला तर फुटायचे. इथं रोज फोडता येतात याचं मला किती कौतुक वाटायचं, तुम्हाला नाही कळणार. आणि फोनवर माझी आई रोज विचारते, नातवंडं वाळली तर नाहीत ना. तिला मी गोबरे गाल दाखवते. तेवढीच एक गोष्ट दाखवण्यासारखी आहे माझ्याकडे.

खाली का सोडत नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, खाली कुठे? तिकडे आमची पोरं दिवसभर उंडारायची, कारण प्रत्येक दारात कोणी ना कोणी ओळखीचं बसलेलं असायचं. इथं दोन वर्षं झाली, मला याच मजल्यावरच्या चौघांची तोंडं ओळखता येत नाहीत.

परतताना सासूबाई जिन्यात थांबल्या. मला वाटलं, धाप लागली. पण त्या रडत होत्या. मला कळलं की त्या गोदामवालीसाठी रडत नव्हत्या, किंवा नुसत्या तिच्यासाठी नव्हत्या. एकेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका बंद खोलीत त्या जाऊन आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या आरोग्य केंद्रात गेल्या आणि नर्सबाईंना सांगितलं, आता शिकवणं बंद. आधी विचारायचं. आणि विचारायचं तेही तुम्ही-आम्ही नाही, त्यांनीच एकमेकांना विचारायचं. नर्सबाईंनी हे मनावर घेतलं. वरिष्ठांशी वाद घातला, वर्गांचं वेळापत्रक रद्द केलं, आणि कामाच्या कागदावर केंद्राच्या नावाखाली वसाहतीतल्या अकरा आई-बापांची नावं भागीदार म्हणून लिहिली. वरिष्ठ म्हणाले, यांना यातलं काय कळतं? नर्सबाई म्हणाल्या, तेच तर विचारायला चाललोय.

बैठका भरल्या त्या कपडे धुण्याच्या खोलीत. ती जागा गोदामवालीने सुचवली. तळघरात आठ यंत्रं होती, आणि कपडे टाकले की पाऊण तास तिथं बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ज्या माणसांना वर्गाला यायला सवड नव्हती ती माणसं तिथं आयती सापडली. सासूबाई बटणं लावायचं काम घेऊन जात, नर्सबाई वही घेऊन. तोडक्यामोडक्या भाषेत, हातवारे करून लोक बोलायला लागले. चार आठवड्यांत पन्नासेक घरांचा दिवस कागदावर उतरला, आणि घरागणिक तीच वेळ रिकामी निघाली, साडेतीन ते आठ. कोणाला भाजी कशी खावी हे शिकायचं नव्हतं. ती सगळ्यांना येत होती. त्यांना हवे होते पोरांवर लक्ष ठेवणारे डोळे, आणि पोरांना पळायला जागा.

जागा होती. इमारतींच्या मागे एक मोठं अंगण होतं, पण त्यात एका वाहतूकवाल्याच्या गाड्या उभ्या असत आणि उरलेल्या भागात मोडक्या खुर्च्या-कपाटांचा ढीग. फाटकाला कुलूप. त्या कुलपाची, आणि वसाहतीतल्या यच्चयावत कुलपांची किल्ली एकाच माणसाकडे, देखभालीचं काम बघणारे किल्लीवाले काका. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा की ते येण्याआधी त्यांचा आवाज यायचा. काहीही विचारा, त्यांचं उत्तर ठरलेलं: नियमात बसत नाही.

सासूबाई त्यांच्याकडे गेल्या तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "कुठल्या नियमात? मला वाचून दाखवा, मला चष्म्याशिवाय दिसत नाही." काकांनी कपाट उघडलं, फाईल काढली, पानं उलटली. दोघं टेबलावर डोकं घालून बसली. तासाभराने सापडलं ते भलतंच. वसाहत बांधली तेव्हाच्या नकाशात ते अंगण मुलांना खेळण्यासाठी म्हणून दाखवलं होतं. गाड्या कोणी, कधी, कोणाला विचारून लावल्या याचा कागद कुठेच नव्हता. काकांनी नकाशा उजेडात धरून पुन्हा वाचला. बावीस वर्षं ते ज्याला कुलूप लावत होते ते नियमात बसत नव्हतं. मग त्यांनी नकाशाची प्रत काढून दिली आणि म्हणाले, नगरपालिकेत अर्ज टाका, सही माझी घ्या.

अर्जाला जागेचं माप हवं होतं. मी म्हटलं, मी धरते टेपचं दुसरं टोक. सासूबाई म्हणाल्या, तू नको, तू ढिला धरतेस. त्या पाचव्या इमारतीत गेल्या आणि आतल्या खोलीच्या बंद दाराबाहेरून त्या मुलीला म्हणाल्या, "मला एक माणूस हवंय. मोजून घ्यायला नव्हे, मोजायला."

दहा मिनिटांनी मुलगी बुटाच्या नाड्या बांधून बाहेर आली. काट्याच्या त्या रविवारनंतर ती शाळा सोडून कुठेच गेली नव्हती. शिंप्याचा टेप दीड मीटरचा. त्या टेपने दोघींनी अख्खं अंगण मोजलं, गाड्यांच्या मधून, कपाटांवरून चढून, खडूने खुणा करत. सासूबाई सत्तरीला टेकलेल्या; त्या वाकणार, मुलगी पळत पुढे जाऊन टोक धरणार. एकदा मोजून झाल्यावर सासूबाईंनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं, कारण एकदा घेतलेलं माप त्या मापच मानत नाहीत. दुसऱ्या खेपेला मुलगी हसत होती, हे मी वरच्या खिडकीतून पाहिलं.

नगरपालिकेने सुनावणीची तारीख दिली. आम्ही सतरा जण गेलो. काही रात्रपाळी करून थेट आलेले, डोळे तांबारलेले. समोर तीन अधिकारी, मधले साहेब जरा घाईत. वाहतूकवाल्याचा माणूस आधी बोलला. तो म्हणाला, ती जागा म्हणजे इमारतींमधली फट आहे, तिथं मैदान वगैरे होण्याएवढी जागाच नाही. साहेबांनी मान डोलावली.

तेव्हा ती मुलगी उभी राहिली. कोणी तिला सांगितलं नव्हतं. "बावन्न मीटर लांब आणि एकतीस मीटर रुंद," ती म्हणाली. "पाण्याच्या टाकीपाशी चार मीटर कमी. दोनदा मोजलंय."

साहेबांनी नकाशा ओढून घेतला आणि आकडे पडताळले. मग सासूबाईंकडे वळून विचारलं, मोजणी कोणी केली, तुमचं शिक्षण काय. सासूबाई म्हणाल्या, "सातवी. पण कापड एकदा कापलं की परत जोडता येत नाही साहेब, म्हणून माझं माप चुकत नाही." आणि त्यांनी त्या सतरा वह्यांतून काढलेला एक कागद पुढे ठेवला. वर्ष, आलेली घरं, आणि किती घरांत वर्षाच्या आत कंबरा सैल कराव्या लागल्या. नावं नाहीत. त्या म्हणाल्या, ही माणसं इथं निरोगी येतात. आजारी त्यांना आपण पाडतो, दार लावून घेतलेल्या खोल्यांत. माझा माणूस असाच गेला. गाड्यांना दुसरी जागा मिळेल.

साहेबांची घाई कुठे गेली कोण जाणे. त्यांनी गोदामवालीला बोलायला सांगितलं आणि ती सव्वा तास... नाही, मी वाढवून सांगतेय. वीस मिनिटं बोलली असेल. पण त्या खोलीत कोणी खुर्ची सरकवली नाही. निकाल तिथल्या तिथं झाला. गाड्या महिन्याभरात हलवायच्या, अंगण मुलांचं, किल्ली वसाहतीच्या भागीदार मंडळाकडे.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर कोणालाच काय करावं सुचेना. नर्सबाई गोदामवालीच्या गळ्यात पडून रडत होत्या. सासूबाईंनी एका अनोळखी माणसाच्या कोटाचं लोंबणारं बटण दाताने दोरा तोडून नीट केलं आणि मग त्यांनाच हसू फुटलं. आम्ही सतरा जण बसमधून दोन थांबे आधीच उतरलो आणि रस्त्याने चालत आलो, उगीचच, आनंद जिरवायला.

पुढचं सगळं गोड झालं असं नाही. ढीग उपसायला सहा रविवार लागले. पाळ्या लावल्या, रोज साडेतीनला दोन मोठी माणसं फाटकापाशी हजर हवीत. पहिल्या महिन्यात तीनदा कोणीच आलं नाही आणि सासूबाई दुकान बंद करून स्वतः जाऊन बसल्या. एका कुटुंबाने भांडून पोरं काढून घेतली. थंडीत अंगण गारठलं, तेव्हा शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी व्यायामाची खोली उघडून दिली, तीही आधी नाही म्हणून, मग पालकांनी दोनदा गाठल्यावर. पण हळूहळू घडी बसली. राखण करणारे आई-बाप नुसते किती बसणार? त्यांनी अंगणाला फेऱ्या मारायला सुरुवात केली. फेऱ्या मारता मारता नावं कळली, मजले कळले. ज्याला कामावरून यायला उशीर व्हायचा त्याच्या पोरांना दुसरा आपल्या घरी जेवायला बसवू लागला. किल्लीवाल्या काकांना डॉक्टरांनी कधीपासून चालायला सांगितलं होतं. आता ते फेऱ्यांचे पुढारी झाले, आणि जुडगा खुळखुळत पुढे जायचा तो ऐकून मागची माणसं पाय उचलायची.

खाण्याचंही झालं, पण उलट्या बाजूने. एका शनिवारी नर्सबाईंनी फळांच्या चित्राची ती बाटली आणली आणि काही न बोलता, तिच्यात असते तेवढी साखर चमच्याने एका रिकाम्या ग्लासात घालत गेल्या. बारावा चमचा पडला तेव्हा गोदामवाली म्हणाली, पुरे, कळलं. त्या म्हणाल्या, अजून दोन आहेत. त्यानंतर कोणाला भाषण द्यावं लागलं नाही. बाया किराणा दुकानात घोळक्याने जाऊ लागल्या आणि नवीन आलेल्यांना पुड्यामागची बारीक अक्षरं आपापल्या भाषेत वाचून दाखवू लागल्या. आठवड्याला एका घराने आपल्याकडचं रोजचं साधं जेवण सगळ्यांना करून दाखवायचं, हा पायंडा पडला. गोदामवालीच्या आईला फोनवर आता गाल दाखवत नाहीत, पळणारी नातवंडं दाखवतात. म्हातारीला सुरुवातीला ते पटलं नाही. मग एकदा नातीने शर्यत जिंकलेली तिने बघितली आणि गावभर सांगत सुटली.

दोन वर्षं झाल्यावर नर्सबाईंनी हिशेब मांडला. या वेळी वजनं-मापं घेतली ती केंद्रात, एकेकट्याची, दार लावून, आणि ज्याची इच्छा त्याचीच. अंगण उघडल्यानंतर वसाहतीत अडतीस नवी बिऱ्हाडं आली होती. त्यांतल्या एकतीस घरांत मुलांची वाढ वयाला शोभेल तेवढीच झाली होती. आई-बापांतल्या दर तिघांपैकी दोघांचं वजन आले तेव्हाचंच होतं. आधीच्या वर्षांशी ताडून पाहिलं तर जमीन-अस्मानाचा फरक. नर्सबाईंच्या वरिष्ठांनी कागद दोनदा वाचला आणि वह्या बघायला स्वतः दुकानात आले. सासूबाईंनी त्यांना दाराबाहेर थांबवलं, आत दोन गिऱ्हाइकं होती.

त्या मुलीचं काय, असं लोक विचारतात. ती बारीक झाली का, असं विचारणाऱ्याला सासूबाई सरळ दुकानाबाहेर काढतात. ती उंच झाली, पंधराची झाली, धावण्याच्या संघात आहे, आणि अंगणातल्या पाळ्यांचा तक्ता तीच लावते. आता आणखी तीन वसाहतींतून माणसं बघायला येतात. त्यांना ती सगळं फिरून दाखवते, आणि पहिली बैठक कपडे धुण्याच्या खोलीत घ्या म्हणून बजावते.

आकडे कळले त्या संध्याकाळी सगळे खाली जमले. कोणीतरी गोदामातला जाडजूड दोर आणला आणि पहाटपाळी विरुद्ध दुपारपाळी अशी रस्सीखेच ठरली. नवरा-बायको समोरासमोर उभे राहिले. दोन्हीकडची माणसं मापमावशी आमच्याकडे म्हणून ओढू लागली. सासूबाईंनी गोदामवालीकडे बघितलं, चष्मा काढून माझ्या हातात दिला, बाह्या वर सारल्या आणि दुपारपाळीच्या मागे जाऊन दोराचं शेवटचं टोक धरलं. किल्लीवाल्या काकांनी शिट्टी वाजवली. पहाटपाळीत तगडे बाप्ये होते, सुरुवातीला त्यांनी आमच्या बायांना दोन हात ओढत नेलं. मग सासूबाई मागून एक-दोन म्हणू लागल्या, मशीनला पाय मारावा तशा ठेक्यात, आणि सगळ्या बाया त्या ठेक्यावर मागे रेलू लागल्या. पहाटपाळी धडाधड पुढे कोसळली. गोदामवालीचा नवरा गवतात पालथा पडला आणि तिथंच हसत राहिला. पोरांनी सासूबाईंना घेरलं. त्या मातीने माखलेले तळवे झटकत होत्या आणि पहाटपाळीला सांगत होत्या, की उठा, अजून दोन डाव बाकी आहेत.